म्होरकीचं नाक

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. पाल दिसली तरी माझा जीव घाबरा होतो. अशा बाईला देवाने दिलं कुठे, तर जंगलाच्या काठावर, मेंढरांच्या घरात. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. वडिलांनी मेंढ्या कधीच्याच विकून धानाची शेती धरलेली, त्यामुळे मेंढी म्हणजे मला बाजारात दिसते तेवढीच माहीत. लग्न होऊन इकडे चंद्रपूरच्या खालच्या अंगाला आले आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत सासूने हातात काठी दिली. सासूला मी माय म्हणते. गावात सगळेच तिला माय म्हणतात.

आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहेत. पाळी सांभाळून सुट्टीला येतात, आले की खाटेवर आडवे होतात आणि मोबाइल छातीवर ठेवून झोपतात. सासरे माझं लग्न व्हायच्या आधीच गेले. म्हणजे उरलो मी, माय आणि कळप. सकाळी भाकरी बांधायची, मेंढ्या सोडायच्या, धानाच्या बांध्यांमधून बोडीच्या पाळीवर जायचं आणि तिथून पुढे जंगलाच्या कडेकडेने चारायचं. बांधी म्हणजे धानाचं खाचर, बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव आणि पाळ म्हणजे त्या तलावाचा मातीचा बांध. तलावाच्या पलीकडे गवत माणसाच्या छातीइतकं वाढतं, गवताच्या मागे साग सुरू होतो, आणि सागाच्या मागे काय आहे ते मी कधी बघायला गेले नाही.

आता ऐका. मायला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, काहीच येत नाही. तरुणपणी ताप आला, त्यात कान गेले. तिच्या मागे फटाका फोडला तरी ती शांतपणे तंबाखू मळत राहील. लग्नानंतर हे मला नीट कळलं तेव्हा मी माहेरी फोन लावून रडले होते. वाघाच्या जंगलात रोज जायचं, तेही बहिऱ्या बाईच्या मागे. आई म्हणाली, इतकी वर्षं गेली ना ती, मग झालं तर. आईचं काय जातं बोलायला.

इतकी वर्षं ती कशी गेली, ते मला नंतर दिसलं. कळपाच्या पुढे एक मेंढी चालते, तिला आम्ही म्होरकी म्हणतो. गळ्यात घंटी, अंगाने थोराड, एका कानाला चीर पडलेली. तिची आईसुद्धा म्होरकीच होती. ही जिवंत असेतो दुसरी कोणी पुढे व्हायची नाही, असा मायच्या घरचा नियम आहे. ती घंटी मायला कुठली ऐकू येणार. ती म्होरकीच्या बाजूने चालायची आणि डोळे तिच्या नाकावर ठेवायची. जंगलात काही असलं की म्होरकी थांबायची. नाक वर करून फुर्र करायची, पुढचा पाय जमिनीवर आपटायची. मागचा कळप एकाला एक चिकटून उभा राहायचा. तेवढं दिसलं की माय कळप वळवायची. वाघ होता का, बिबट्या होता का, रानडुक्कर होतं का, असल्या चौकशा ती करत नसे. मी मागे वळून वळून बघायची, तर म्हणायची, "इथी मेंढीचं नाक चालते, तुहे डोळे नाई." आणि खरंच, दोन-चार दिवसांनी वनखात्याचे लोक सांगायचे की त्या वाटेवर वाघ होता म्हणून.

मला मायला हाक मारायची असेल तर तीही मेंढ्यांमधूनच मारावी लागे. मी मागून जीभ टाळूला लावून मेंढ्यांना बोलवायची. मेंढ्या माझ्याकडे तोंड करायच्या. एवढी तोंडं वळली की माय मान वर करून बघायची, काय आहे. तिने एकदाही माझ्या तोंडाकडे बघून काही ठरवलं नाही. उलट त्यावरून माझी चेष्टा करायची. "तुह्या तोंडावर तं पान हाललं तरी वाघ दिसते. भित्री भागूबाई." शेजारच्या बायका हसायच्या. मी पण हसायची, मनातून मात्र मला राग यायचा. भीती काय कोणी हौसेने बाळगतं का?

त्या वर्षी पाऊस गेला आणि ऊन असं चढलं की दुपारी पाळीवरचा मुरूम पायाला चटके द्यायचा. मेंढ्या शिंकू लागल्या. आधी एक-दोन, मग निम्मा कळप. नाकातून पांढरा, चिकट शेंबूड, त्यावर माती बसून पापुद्रे धरलेले. मायने ओव्याचा धूर दिला, नाकाला मोहरीचं तेल लावलं. म्हणाली, पडसं हाय, जाईन. शिंका काही थांबल्या नाहीत. रात्रभर कुंपणातून त्या ऐकू यायच्या. माय घोरत पडायची, ऐकायचं माझ्या एकटीच्या वाट्याला.

आणि मग तो प्रकार सुरू झाला. दुपारी बोडीवर चरता चरता कळप एकदम गोळा व्हायचा. पाय आपटणं, फुरफुरणं, एकमेकींच्या अंगात घुसणं. म्होरकी सगळ्यांत जास्त. मायने पाहिलं आणि कळप वळवला. मी तर तिच्या पुढे पळत घरी आले. दुसऱ्या दिवशी आम्ही बोडी सोडून सागाच्या वरच्या अंगाला गेलो. तिथेही दुपारी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मायने जंगलच सोडलं आणि कापणी झालेल्या उघड्या बांध्यांत मेंढ्या नेल्या. चहूबाजूंनी मोकळं रान, बुटक्या झुडपाचाही आडोसा नाही. तिथेही ऊन तापताच म्होरकीने पाय आपटला.

मी मायकडे बघितलं. ती हळूहळू सगळीकडे फिरून बघत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्या तोंडावर भीती दिसली. मी भ्याले तर त्यात काही नवल नाही, पण माय भ्यालेली मी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "दिसून नाई राह्यला. पण हाय. मेंढी खोटं नाई बोलत."

न दिसणारा वाघ. दिवसाउजेडी, उघड्या बांधीत. गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? बायका सरपणाला जायच्या बंद झाल्या. कोणी म्हणालं, तो बांधाआड पोटावर सरकत येतो. कोणी म्हणालं, मायच्या मागावरच आहे, तिला ऐकू येत नाही हे त्याला कळलंय. हे बोलणारीच्या तोंडात माती घालावी असं मला वाटलं, कारण नेमकं तेच माझ्या डोक्यात रोज चालू होतं. मी भाकरी थापताना मध्येच उठून दाराबाहेर बघून यायची. आमच्या घरच्यांना फोन केला की मायला आता घरी बसवा. ते म्हणाले, "तूच बसव, तुझं ऐकते का बघ." आणि हसले. नवऱ्याला साठ किलोमीटरवरून हसायला बरं सुचतं.

त्यातच एक तरणी मेंढी गोल फिरू लागली. मान एका बाजूला वाकडी, आणि जागच्या जागी फेऱ्या. उभं केलं की पुन्हा फिरायची. तोल जाऊन पडायची, उठायची, परत त्याच बाजूला. मायने तिच्या कपाळाला राख लावली आणि मला सांगितलं, "वाघाची हवा लागली इले. वास डोक्यात बसला." मेंढीने वाघाचा वास फार घेतला की तो डोक्यातून निघत नाही, आणि ती त्याच्यापासून पळत पळत अशी गोल फिरते. हे मायला तिच्या सासूने सांगितलेलं. तुम्ही हसाल. त्या मेंढीचे डोळे बघितले असते तर हसला नसता. ती मेली त्या सकाळी मी तिच्या अंगावर पोतं टाकलं, तरी मला पोत्याखाली ती फिरतेय असंच वाटत राहिलं.

मग मात्र मी मायला न विचारता तालुक्याच्या दवाखान्यात फोन केला. जनावरांच्या डॉक्टर बाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, गाडीवरून आलेल्या, पायात गमबूट. त्यांनी जित्या मेंढ्यांची नाकं बघितली, मग पोतं उचललं. म्हणाल्या, "हिचं डोकं उघडून बघावं लागेल." घरच्या मेंढीचं डोकं आम्ही फोडत नाही. मायला मी खुणेने सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. स्वतःच घाव घातला. तिलाही कळून घ्यायचं होतं.

आत किडे होते. पांढुरके, बोटाच्या पेराएवढे, अंगावर काळपट पट्टे. नाकाच्या आतल्या पोकळीत, कपाळाच्या हाडाखाली, दाटीवाटीने बसलेले. मेंढी मेली होती आणि ते अजून वळवळत होते. मी उकिरड्याकडे पळाले आणि सकाळचा चहा तिथे सांडला. तेव्हापासून माझ्या नाकात मधूनच खाज सुटते. आत्ता हे सांगतानाही सुटली आहे.

डॉक्टर बाईंनी सगळं समजावून सांगितलं. ही नाकातली माशी. चावत नाही, अंडीही घालत नाही. उडता उडता मेंढीच्या नाकाशी येते आणि जिवंत अळ्या फवारून जाते. अळ्या आत चढतात, आतच वाढतात, मोठ्या झाल्या की शिंकेबरोबर बाहेर पडतात. माशी आली की मेंढ्या नाकं लपवतात, पाय आपटतात, एकमेकींत घुसतात. काहींना आत इतकी सूज येते की मान वाकडी करून गोल फिरतात. "उन्हातली माशी आहे ही," त्या म्हणाल्या. "ऊन तापलं की उडते. थंडीत, ढगाळीत गप बसून असते. आणि तुम्हीही डोळे सांभाळा. माणसाच्या डोळ्यातही अळ्या सोडून जाते कधीकधी." हे शेवटचं नसतं सांगितलं तर चाललं असतं.

त्यांनी मेंढ्यांना इंजेक्शनं दिली. म्हणाल्या, आतल्या अळ्या मरतील, पण नाकं मोकळी व्हायला वेळ लागेल. चारा कमी खातील, कारण वास येणार नाही.

"कशाचाच वास येणार नाही?" मी विचारलं.

"सर्दीने नाक बंद झाल्यावर तुम्हाला येतो का?" त्या म्हणाल्या आणि सिरिंज पिशवीत टाकली.

त्या गेल्यावर मी मायसमोर बसले. बोटाची माशी केली, नाकाजवळ फिरवली, पाय आपटून दाखवला. मग दोन्ही हातांचे पंजे केले आणि नाही नाही म्हणून मान हलवली. वाघ नव्हता, माशी होती. माय असं हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "माशी," ती म्हणाली. "माशीनं साऱ्या गावाले घरात बसवलं." मी तिला थांबवून दुसरी गोष्टही सांगायला गेले. नाक चिमटीत धरलं, पंजे दाखवले, हात हलवला. आता वाघ आला तरी यांना कळणार नाही, माय. तिला समजलं. समजलं म्हणूनच माझ्या गालाला चापट मारून म्हणाली, "माशीले तं भेलीस, आता नसलेल्या वाघालेबी भेशीन." आणि मेंढ्या सोडायला उठली.

दुसऱ्या दिवसापासून गावात चेष्टा सुरू. बायका पुन्हा सरपणाला जाऊ लागल्या, जाता जाता आमच्या दारावरून भुणभुण आवाज काढायच्या. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. माझं मात्र वाढलं. आधी एका वाघाची भीती होती, पण त्याला ओळखणारी म्होरकी तरी पुढे होती. आता ती नुसतीच पुढे चालत होती. तिचं नाक सगळ्यांत खराब झालेलं. दोन्ही नाकपुड्या पापुद्र्यांनी बुजलेल्या, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची. बाकीच्या बऱ्याच मेंढ्यांची नाकं वाहती होऊन मोकळी झाली, हिची होईनात. मी मायला खुणेने म्हटलं, दुसरी पुढे कर. तिने हात झटकला. "म्होरकी बदलत नसते." ती म्होरकीजवळच चालायची, आणि म्होरकी थांबून शिंकली की पदराच्या टोकाने तिचं नाक पुसायची. कळपाने पाय आपटले तर नुसतं म्हणायची, "माशी हाय." आधी ज्या खुणेवर ती वळायची, त्याच खुणेवर आता वाकून मेंढीचं नाक पुसायची.

थंडी पडली. गावाजवळच्या बांध्या चरून झाल्या, धानाच्या पेंढ्याची तणीसही संपली, तेव्हा कळप परत बोडीकडे न्यावा लागला. मी घरून निघताना देवाला हात जोडायची ते बोडीवरून परत येईपर्यंत मनात सोडायचीच नाही.

त्या सकाळी धुकं होतं. बोडीचं पाणी दिसत नव्हतं, पाळीवरच्या बेशरमाच्या झुडपांचे शेंडे तेवढे दिसत होते. मायने कानाला टॉवेल गुंडाळलेला, उगीच आपली सवय म्हणून. ती आणि म्होरकी पुढे, मध्ये कळप, मागे मी. पाळ उतरून आम्ही गवताच्या कडेला आलो आणि मेंढ्या थांबल्या. एकीला एक चिकटल्या. पाय आपटायचे आवाज आले.

माशी, असं मलाही आधी वाटलं. मग अंगावर शहारा आला तेव्हा कळलं की मी स्वेटर घालून आहे आणि तरी कुडकुडतेय. या थंडीत माशी कुठून येईल? मी मेंढ्यांकडे नीट बघितलं. माशीला त्या नाकं खाली घालतात, एकमेकींच्या पोटात खुपसतात. या सगळ्यांची नाकं वर होती. सगळी तोंडं एकीकडे, गवताकडे.

आणि गवताच्या अगदी काठावर माय वाकून म्होरकीचं नाक पुसत होती. तिची पाठ गवताकडे होती. म्होरकी मान खाली घालून शिंकत होती. माय तिच्याशी बोलत होती, ती बोलते तशी मोठ्याने, "होते, होते, मोकळं होते."

मी जीभ टाळूला लावून मेंढ्यांना बोलावलं. एकही तोंड वळलं नाही. परत बोलावलं. माझी हाक ऐकायला त्यांना आता सवड नव्हती. त्या गवताकडेच बघत राहिल्या, आणि त्यांनी मान वळवली नाही म्हणजे मायही वर बघणार नव्हती. मी ढेकूळ उचलून फेकलं, ते कळपातच पडलं. किंचाळले असते तर मला एकटीलाच ऐकू गेलं असतं. मला आणि गवताला.

मी पळून जायचा विचार केला. का खोटं बोलू? पाय पाळीकडे वळलेसुद्धा होते. घरी जाऊन लोकांना बोलावते, असं मनाशी म्हणालेही. मग मायचा टॉवेल दिसला, कानाला गुंडाळलेला, आणि मी कळपात शिरले. मेंढ्या बाजूला होईनात, मी त्यांना गुडघ्याने ढकलत पुढे जात होते आणि डोळे गवतावर होते. धुक्यात गवत सगळं सारखंच दिसत होतं. एका जागी ते सारखं नव्हतं. तिथे तोंड होतं. आधी डोळ्यांवरचा पांढरा ठिपका दिसला, मग गाल, मग डोळे. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो वाकलेल्या मायकडे बघत होता. वाकलेलं माणूस त्यांना जनावरासारखं दिसतं म्हणतात.

मी मायच्या दंडाला धरून तिला सरळ उभी केली. ती दचकली, चिडून माझ्याकडे वळली, काहीतरी बोलणार होती. माझं तोंड बघून बोलली नाही. मी बोट दाखवलं नव्हतं, खूण केली नव्हती. ती हळूच वळली आणि तिनेही बघितलं. आम्ही दोघी मागे सरकू लागलो, पाठ न दाखवता, एकमेकींना धरून.

मायच्या हातातून म्होरकी सुटली होती. ती उभी राहिली, एकदा शिंकली, आणि पुढे चालू लागली. पुढे जायची तिची सवय. आमच्या मागे येणं तिला माहीतच नव्हतं. तोंड उघडं, घंटी वाजतेय, ती सरळ गवताकडे गेली. तिला काहीच कळत नव्हतं. मायने तिला बोलवायला तोंड उघडलं, मी तिच्या तोंडावर हात दाबला. गवत हाललं. तेवढंच झालं, खरं सांगते. मोठी डरकाळी नाही, काही नाही. गवत हाललं आणि म्होरकी तिथे नव्हती. कळप फुटला आणि आमच्या दोन्ही बाजूंनी गावाकडे पळाला.

आम्ही पाळीवर चढलो. माय थांबली. धाप लागलेली, टॉवेल गळ्यात आलेला. माझ्या हाताला धरून तिने विचारलं, "वाजते का?"

घंटी. गवतातून वाजत होती. आत कुठेतरी, ओढत नेताना वाजावी तशी, मध्येच थांबून परत. मी मान हलवली. नाही. माय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझा हात झटकून ती पाळ उतरायला लागली. वाजतेय म्हणजे जिवंत आहे, असं तिने धरलं असणार. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिला घेऊन चिखलात खाली बसले. ती मला कोपराने मारत होती. मी सोडलं नाही. मी रडत होते आणि घंटी ऐकत होते, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

मग ती वाजायची राहिली.

मी काही बोलले नाही. हाललेसुद्धा नाही, तिच्या पाठीला लागलेलं माझं रडणं तेवढं थांबलं. पण मायचे हात सैल झाले. "थांबली," ती म्हणाली.

वनखात्याचे लोक आले, पंज्यांचे ठसे बघून गेले. आमच्या घरचे रजा टाकून आले आणि या खेपेला हसले नाहीत. माय फार दिवस घरी बसेल असं मला वाटलं होतं. ती दोन दिवस बसली. मेंढ्यांना चारा लागतो, तो घरी बसून येत नाही.

आता नवी म्होरकी आहे. चांगली धट्टीकट्टी, नाक कोरडं आणि मोकळं. डॉक्टर बाई वेळच्या वेळी औषध देऊन जातात. घंटी नवी घेतली. माय तिच्या बाजूने चालते, पण तिच्या नाकाकडे बघत नाही. ती वळून माझ्याकडे बघते. चालता चालता ठेच लागते तिला, तरी बघते. मी मागे आणि ती पुढे, आणि तिचं तोंड माझ्याकडे. चेष्टा आता कोणी करत नाही. एखाद्या दिवशी तिने करावी असं मला फार वाटतं.

कारण माझ्या तोंडाचं काय सांगावं. पान हाललं तरी त्यावर वाघ दिसतो, हे तीच म्हणायची ना. वानर फांदीवरून उडी मारतं, माझं काळीज खाली जातं, आणि तिकडे माय कळप वळवते. सुरुवातीला असं इतक्या वेळा झालं की मेंढ्या उपाशी परत यायच्या. तेव्हापासून मी शिकतेय. भीती वाटली तरी आधी ऊन बघायचं, मेंढ्यांची नाकं वर आहेत की खाली ते बघायचं, आणि मग ठरवायचं की ती तोंडावर येऊ द्यायची की नाही. भ्यायलासुद्धा आता नीट भ्यावं लागतं मला.

परवा दुपारी बोडीजवळ एका मेंढीने पाय आपटला. पाठोपाठ दुसरीने. मी नाकं बघू लागले. माय वळून बघत होती. मेंढ्यांची नाकं खाली होती, निदान जेवढ्या मला दिसत होत्या तेवढ्यांची. पलीकडच्या दिसत नव्हत्या. ऊन होतं. ऊन आहे म्हणजे माशीच असणार. मी तोंडावर काही येऊ दिलं नाही. मायने मान डोलावली आणि गवताच्या कडेने पुढे चालू लागली.